दिवेवाल्या काकांनी निवडलेला अलार्म

दिवेवाले काका म्हणजे त्या गल्लीचं चालतंबोलतं पंचांग. फ्रिज कुठला घ्यावा, दात कुणाकडे काढावा, ओल धरलेल्या भिंतीला कुठला रंग टिकेल, काहीही विचारा, उत्तर तयार. उत्तर बरोबर असो वा नसो, देण्याची ढब अशी की ऐकणाऱ्याला आपण उगीच इतके दिवस अंधारात होतो असं वाटावं. त्यांचं दुकान दिव्यांच्या शेडचं. तारेचे सांगाडे वळायचे, त्यांवर कापड ताणायचं, कडेला फीत चिकटवायची आणि तयार शेड छताला टांगायची. गिऱ्हाईक आत आलं की डोकं वाचवत, वाकत वाकतच गल्ल्यापर्यंत पोचायचं. वाकून आलेल्या माणसाला सल्ला देणं सोपं जातं, असं काकू म्हणायच्या.

शेजारचं दुकान वाद्यवाल्या ताईंचं. ताई वाद्यं विकत नसत, दुरुस्त करत. फुटकी व्हायोलिनं, धाप लागलेले अकॉर्डियन, मुका झालेला एखादा क्लॅरिनेट अशी रुग्णमंडळी त्यांच्या फळ्यांवर रांगेनं पडलेली असत. दोन्ही दुकानं पूर्वी एकच मोठी खोली होती. मालकानं मधे प्लायवूडची भिंत घालून एकाची दोन केली. भिंत कसली, पडदाच तो. इकडे काका शिंकले की तिकडे ताई "शतायुषी व्हा" म्हणत. काकांना मूलबाळ नव्हतं आणि ताईंना वडील नव्हते. त्यामुळे भिंत पातळ असल्याचं दोघांनाही कधी दुःख झालं नाही.

कोपऱ्यावरचं चष्म्यांचं दुकान फुटलं तेव्हा गल्लीत एकदम जाग आली. चोरी होईपर्यंत कुलूप मोठं वाटतं, झाल्यावर तेच कुलूप खेळण्यातलं दिसायला लागतं. ताई काकांकडे आल्या.

"काका, आपण अलार्म लावून घेऊ या. माझ्याकडची वाद्यं माझी नाहीत हो, लोकांची आहेत. एखादं गेलं तर तसं दुसरं आणू कुठून?"

"मी बघतो," काका म्हणाले. "तुम्ही निर्धास्त राहा."

अलार्मवाला आला. हसरा, बडबड्या माणूस, हातात पत्र्याची पेटी. त्यानं दोन्ही दुकानं पाहिली, प्लायवूडवर टकटक केली आणि म्हणाला, "या भिंतीला भिंत म्हणायचं म्हणजे भिंतीचा अपमान आहे. दोन्ही दुकानांना मिळून एकच यंत्रणा लावा. पॅनेल काकांच्या दारापाशी. किल्ली फिरवली की दोन्हीकडचं चालू."

मग त्यानं पेटी उघडली आणि प्रकार मांडले. दाराच्या चौकटीला लावायचं चुंबक, दार उघडलं की बोंब मारणारं. भिंतीला कुणी हात घातला तर थरथर ओळखणारी डबी. आणि कोपऱ्यात बसवायचा डोळा, खोलीत काही हललं की ओरडणारा. शिवाय भोंगा नुसता वाजतो तसा, किंवा सोबत मालकाच्या फोनवर निरोप पाठवणारा.

काका मान डोलवत होते. खरं सांगायचं तर त्यांना अर्धंअधिक कळलं नव्हतं. पण दारात समोरच्या दुकानातले लोखंडी सामानवाले उभे होते, वरच्या मजल्यावरचे मास्तर उभे होते, आणि सगळे काकांच्या तोंडाकडे बघत होते. "पुन्हा एकदा सांगा बुवा" एवढं म्हणायचं होतं. ते काही तोंडातून निघालं नाही.

"डोळा," काका म्हणाले. "डोळाच बसवा. दार, भिंत वगैरे किरकोळ गोष्टी. चोर आत येणार, आत आला की हलणार, हलला की सापडणार."

"आत रात्री दुसरं काही हलत नाही ना?" अलार्मवाल्यानं विचारलं. "पंखा, पडदा, मांजर?"

"बंद दुकानात काय हलणार?"

तेव्हा ताई हळूच म्हणाल्या, "काका, तुमच्या शेड हलतात की. मागच्या झरोक्यातून वारा आला की सगळ्या डुलतात."

चार माणसांत काकांचा शब्द कापला गेला होता. काकांनी हसून हात झटकला. "त्याची काळजी तुम्ही करू नका ताई. हे यंत्र माणूस ओळखतं. काय हो?"

अलार्मवाला म्हणाला, "हो, बऱ्यापैकी ओळखतं, पण शेड जर..."

"बसवा तर मग. आणि फोनबिन नको. फोन वाजून आपण चपला शोधेपर्यंत चोर गावाबाहेर गेलेला असतो." काकांना फोनवर आलेले निरोप उघडता येत नसत. काकूच उघडून देत. पण वाक्य इतकं खणखणीत पडलं की लोखंडी सामानवाल्यांनी तिथल्या तिथे मान डोलावली. ताईंनी एवढंच विचारलं, "हे रोज लावायचं कुणी?"

"मी," काका म्हणाले.

डोळे बसले. एक काकांच्या दुकानात, एक ताईंच्या. अंधारात त्यांचे लाल ठिपके लुकलुकत आणि येणारेजाणारे काचेतून कौतुकानं बघत. संध्याकाळी ताई आपलं दार ओढून काकांच्या पायरीशी येऊन थांबत. काका आत किल्ली फिरवत, पॅनेल एक लांबलचक बीप काढी. ती ऐकली की ताई म्हणत, "चला, पहारेकरी जागा झाला," आणि बसथांब्याकडे निघत.

पहिल्या आठवड्यातच पहारेकऱ्यानं उच्छाद मांडला. वारा सुटला की शेड डुलायच्या आणि भोंगा गल्ली डोक्यावर घ्यायचा. काका घरून धापा टाकत यायचे, आत चिटपाखरू नाही. मास्तर खिडकीतून म्हणायचे, "काका, तुमचं बाळ पुन्हा रडायला लागलं." लोखंडी सामानवाले दिवसाढवळ्या विचारायचे, "काय काका, आज कुणाकुणाला पकडलं?" काका कधी उंदरावर ढकलायचे, कधी विजेच्या दाबावर.

उपाय सोपा होता. अलार्मवाल्याला बोलवायचं आणि "शेड हलतात, काहीतरी करा" म्हणायचं. त्यानं डोळा काढून दाराला आणि झरोक्याला चुंबकं लावली असती. पण मग ताईंचं खरं होतं हे चारचौघांत मान्य करावं लागलं असतं. काकांनी तो फोन आज करू, उद्या करू असं घोळवलं. आणि एका वादळी आठवड्यानंतर, मास्तरांनी पायरीवर येऊन हात जोडले त्या संध्याकाळी, काकांनी किल्ली फिरवली, बीप झाली, ताई निघाल्या, आणि त्या कोपऱ्यावर दिसेनाशा होताच काकांनी किल्ली उलटी फिरवून शटर ओढलं.

लाल ठिपके तसेच लुकलुकत राहिले. ते यंत्र चालू असो की बंद, लुकलुकायचेच.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. सुरुवातीला किल्ली उलटी फिरवताना काकांचा हात जड व्हायचा. पुढे पुढे तो शटर ओढण्याइतका सवयीचा झाला. गल्ली शांत झोपू लागली. "केलंत का काही?" मास्तरांनी विचारलं. "केलं थोडं," काका म्हणाले. "यंत्राला समजावून घ्यावं लागतं." ताई तर गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत, "माझ्याकडे ठेवा बिनधास्त. आमच्या काकांनी अलार्म बसवलाय. ते स्वतः रोज लावतात." प्लायवूडपलीकडून ते ऐकू आलं की काका जरा जोरातच खोकत.

आणि मग जे व्हायचं ते झालं. एका सकाळी काकांनी शटर उचललं तर दुकानात उजेड नको तिथून येत होता. मागचा झरोका उचकटलेला. खाली पडलेल्या शेड पायांखाली चेपल्या होत्या. आणि प्लायवूडच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीचं भगदाड. काकांनी वाकून पलीकडे पाहिलं. ताईंच्या फळ्या मोकळ्या होत्या.

काकांच्या दुकानातलं काहीच गेलं नव्हतं. शेड कोण चोरणार?

ताई आल्या, दार उघडलं आणि उंबऱ्यातच बसल्या. रडल्या नाहीत. एकेका रिकाम्या जागेकडे बघून तिथलं वाद्य ज्याचं होतं त्याचं नाव घेत होत्या, हजेरी घेतल्यासारखं.

पोलीस आले. हवालदारानं विचारलं, "अलार्म होता म्हणे?"

"होता ना," ताई म्हणाल्या. "काका स्वतः लावतात. काल मी आवाज ऐकूनच घरी गेले."

हवालदारानं काकांकडे पाहिलं. "लावला होता?"

काकांच्या तोंडात एक शब्द आला, तो त्यांनी बाहेर जाऊ दिला. "हो."

मग काय, गल्लीनं सगळा दोष अलार्मवाल्यावर ढकलला. लोखंडी सामानवाल्यांनी फोन करून त्याला बोलावून घेतलं. तो आला तो घाबराघुबरा. त्यानं सगळ्यांसमोर किल्ली फिरवली, बाहेर गेला, थोडं थांबून आत पाऊल टाकलं. भोंग्यानं कानठळ्या बसवल्या.

"बघा," तो म्हणाला. "यंत्रात काही बिघाड नाही. म्हणजे लावलंच नव्हतं."

"तोंड सांभाळून बोला!" ताई उसळून पुढे झाल्या. एरवी त्यांचा आवाज कधी चढत नसे. "काका खोटं बोलणाऱ्यांतले नाहीत. माझ्या वडिलांसारखे आहेत ते. मी माझ्या कानांनी बीप ऐकली. मी सूर लावणारी बाई आहे, माझे कान मला फसवत नाहीत. तुमचं यंत्र फसवं आहे!"

"ताई, माझी नोकरी जाईल हो," अलार्मवाला काकुळतीला आला. त्याचं हसू कुठल्या कुठे पळालं होतं. तो काकांकडे वळला. "काका, तुम्ही तरी सांगा. आठवून बघा जरा."

सगळी गल्ली काकांकडे बघत होती, पहिल्यासारखीच. काका पायांजवळची चेपलेली शेड उचलून तिची तार सरळ करायला लागले आणि शेडकडे बघतच म्हणाले, "यंत्रच आहे ते. कधी कधी नसेल होत नीट."

अलार्मवाल्यानं पेटी बंद केली. ती बंद करताना त्याला कडी सापडत नव्हती.

घरी काकूंनी ताट वाढलं. काका भाकरीचे तुकडे ताटाच्या कडेला लावत राहिले. काकू म्हणाल्या, "तुम्ही बंद ठेवत होतात ना?"

काका चमकले. "कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? रोज वाजत होता तो एकाएकी थांबला. तुम्ही ना शेड काढल्यात, ना त्या माणसाला बोलावलंत. आजार औषधाशिवाय बरा झाला, तेव्हाच मला शंका आली. मी विचारलं नाही, हे माझंही चुकलं."

काकांनी मान खाली घातली आणि सगळं सांगायला सुरुवात केली. वारा कसा सुटायचा, मास्तरांनी हात कसे जोडले. काकूंनी हात वर केला.

"मला कशाला सांगताय? माझं काय गेलंय?"

ताटातलं अन्न तसंच झाकून ठेवलं गेलं.

सकाळी काका ताईंच्या दाराशी गेले तेव्हा त्या फोनवर होत्या. "हो आजोबा, तुमचा अकॉर्डियनसुद्धा. नाही, अजून काही कळलं नाही. मी काय सांगू तुम्हाला... यंत्र दगा देईल असं कुणाला वाटलं होतं?" फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले. "या काका. चहा घेता?"

काका बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "ताई, अलार्म लावलेला नव्हता."

"म्हणजे?"

"त्या रात्री नव्हता. त्याच्या आधीही नव्हता. तुम्ही बीप ऐकून गेलात की मी बंद करत होतो. शेड हलून तो वाजायचा. तुम्ही म्हणाला होतात तसंच."

ताईंना आधी कळलंच नाही. मग चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेलं. काकांना वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"मी पायरीवर उभी असायचे. तुम्ही ती बीप मला ऐकवण्यासाठी काढत होतात?"

काकांनी होकारार्थी मान हलवली.

"नुसतं सांगायचं होतंत," ताई म्हणाल्या. "मी वाद्यं घरी नेली असती. इथे कॉट टाकून झोपले असते. तुम्हाला मी हसले असते का कधी?" मग एकदम आठवल्यासारखं म्हणाल्या, "आणि काल मी त्या माणसाला काय काय बोलले. तुमच्यासाठी."

"मी येतो तुमच्याबरोबर. ज्यांची वाद्यं गेली त्यांच्या घरी जाऊ. मी माझ्या तोंडानं सांगतो."

"नको." त्या उठून फळीवरची धूळ पुसायला लागल्या. पुसायला तिथे काही नव्हतं. "तुम्ही बरोबर आलात तर लोक तुम्हाला बोलतील, आणि मला तुमची बाजू घ्यायची सवय आहे. यापुढे मला ती घ्यायची नाही. तुम्ही जा आता, काका."

काका बाहेर आले ते थेट पोलीस चौकीत गेले आणि आदल्या दिवशी दिलेला जबाब त्यांनी बदलला. तिथून अलार्मवाल्याच्या कचेरीत. त्याच्या साहेबांसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की तुमच्या माणसानं मला योग्य तेच विचारलं होतं, मीच त्याला बोलू दिलं नाही, आणि काल सगळ्यांसमोर त्याच्यावर शेकू दिलं. साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "अहो, पण मग बसवलंत कशाला?" अलार्मवाल्याची नोकरी राहिली. तो काकांना जिन्यापर्यंत सोडायला आला नाही.

गल्लीला सांगणं राहिलं होतं. संध्याकाळी लोखंडी सामानवाल्यांच्या दारात तीनचार मंडळी जमली होती तिथे जाऊन काकांनी सांगितलं. शिव्या खायची त्यांची तयारी होती. लोखंडी सामानवाले खो खो हसत सुटले. "म्हणजे चोर सोडून आम्ही संन्याशाला फाशी देत होतो! आणि तुम्ही तिथे शेडची तार सरळ करताय! वा काका!" बाकीचेही हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "मी हात जोडले नसते तर..." आणि पुढचं गिळून वर निघून गेले. त्या माणसालाही आपण ओझं दिलं, हे तेव्हा काकांच्या लक्षात आलं. हसण्यापेक्षा ते जास्त लागलं.

पुढे काही वाद्यं दूरच्या जुन्या बाजारात सापडली, काही कायमची गेली. एका व्हायोलिनची मान मोडून आली होती, ती ताईंनी जोडली. भरपाईचं काय ते काकू आणि ताई यांनी आपसांत ठरवलं. काकांनी मान हलवली आणि झरोक्याला गज बसवले. ताईंनी भगदाडाला ठिगळ लावलं नाही. प्लायवूड सगळंच काढून गवंड्याकडून विटांची भिंत बांधून घेतली. अलार्मवाल्याला बोलावून आधी त्याची माफी मागितली आणि मग स्वतः बसून अलार्म निवडला. शब्द अडला की "थांबा, हे पुन्हा सांगा" म्हणत. दाराला चुंबक, नव्या भिंतीला थरथर ओळखणारी डबी, फोनवर निरोप. पॅनेल त्यांच्या दुकानात. किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

समोरासमोर आलं की त्या बोलत. "बरे आहात ना?" म्हणत. काकाही "बरा आहे" म्हणत. त्यापुढे बोलणं जात नसे.

एका दुपारी ताईंचं दुकान बंद असताना एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत काकांच्या दुकानात आले. शेडखालून वाकून येताना त्यांची टोपी पडली, काकांनी उचलून दिली.

"शेजारच्या बाई कधी येतील? माझा अकॉर्डियन होता त्यांच्याकडे. फोनवर विचारायचा कंटाळा येतो, म्हटलं आपण जाऊन यावं." ते स्टुलावर बसले. "सापडला नसणारच. बाईंचा दोष नाही हो. त्या म्हणतात, माझीच चूक, मी नीट लक्ष दिलं नाही. मला पटत नाही. कुणीतरी दुसऱ्यानं घोटाळा केलेला असणार. चांगली बाई आहे, नाव घेत नाही एवढंच."

काकांना हे माहीत नव्हतं. ताईंनी लोकांना त्यांचं नाव सांगितलंच नव्हतं.

हातातली फीत खाली ठेवून काका म्हणाले, "मीच तो. अलार्म माझ्या ताब्यात होता. मी तो बंद ठेवत होतो."

"का?"

"वाजायचा म्हणून. लोक हसायचे म्हणून."

म्हाताऱ्यानं काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"त्याचा एक सूर अडकत होता," अखेर तो म्हणाला. "खालच्या बाजूचा. बाईंनी सोडवला होता का तो, का तसाच गेला?"

"सोडवला होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळा वाजवून बघितला. मी इथे बसून ऐकत होतो."

"काय वाजवलं?"

"मला नाव नाही सांगता येणार. गाण्यातलं मला काही कळत नाही."

"मग गुणगुणून दाखवा."

काकांनी जन्मात कधी गाणं म्हटलं नव्हतं. दार उघडं होतं, समोर लोखंडी सामानवाले गिऱ्हाईक करत होते. काकांनी घसा साफ केला आणि आठवेल तसं, बेसूर, अडखळत गुणगुणायला लागले. दोनदा चुकले, दोनदा मागे जाऊन पुन्हा सुरू केलं. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. मध्येच त्यानं बोटानं गुडघ्यावर ठेका धरला आणि लगेच थांबवला.

आठवलेली चाल संपली तसे काका थांबले. म्हातारा उठला, टोपी नीट केली, आणि शेडखालून वाकत वाकत बाहेर गेला. काका त्याला पायरी उतरायला हात द्यायला पुढे झाले. त्यानं तो घेतला नाही. कठड्याला धरून, एकेक पायरी बघत, तो एकटाच उतरला.